शस्त्रवैद्य जवळचा की दूरचा?

श्रोतेहो, अंगावर संकट कोसळले म्हणजे वैद्य निवडण्याचा प्रश्न उरत नाही. अपघात झाला, पोटात एकाएकी असह्य कळ उठली, तर जो जवळ असेल तोच आपला वैद्य. परंतु काही शस्त्रक्रिया अशा असतात की, त्या या महिन्यात केल्या काय किंवा दोन महिन्यांनी केल्या काय, रुग्णाच्या प्रकृतीत सहसा मोठा फरक पडत नाही. तेथे माणसाला विचार करावयास सवड मिळते. आणि सवड मिळाली की सल्ला देणारेही चहूकडून मिळतात. अतिस्थूल माणसाचे वजन उतरावे म्हणून जठरावर व आतड्यावर जी शस्त्रक्रिया करतात, ती या दुसऱ्या वर्गात मोडते. ती करावयाचे एकदा ठरले की घरात वाद सुरू होतो तो एकाच मुद्द्यावर. आपल्याच गावच्या सर्जनकडून करून घ्यावी, की मोठ्या शहरातल्या नामांकित सर्जनकडे जावे?

हा प्रश्न महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या मराठी माणसाला अधिकच जाचतो. नोकरीधंद्यानिमित्त आपण जबलपूरला असतो, रायपूरला असतो, हुबळीला किंवा ग्वाल्हेरला असतो. पण भाऊबंद पुण्याला, बहीण ठाण्याला. शस्त्रक्रियेचा विषय निघाला की, ‘इकडेच ये, आम्ही सगळे आहोत,’ असा निरोप येतो. त्यात माया असते, आणि मोठ्या शहराविषयीचा विश्वासही असतो. मी वैद्यकव्यवसायी नाही. शासकीय सेवेत असल्याने बदल्यांच्या निमित्ताने अनेक गावे पाहिली, आणि कागदावर दोन बाजू मांडून निर्णय घ्यावयाची सवय त्या सेवेने लावली. त्या सवयीनेच हा प्रश्न आज आपल्यापुढे मांडतो.

प्रथम शस्त्रक्रिया कोणती, ते थोडक्यात पाहू. १९६६ साली अमेरिकेतील आयोवा विद्यापीठात डॉ. एडवर्ड मेसन यांनी जठराचा बराचसा भाग वगळून अन्नाला आतड्यात आडवाटेने नेण्याची युक्ती अतिस्थूल रुग्णांसाठी प्रथम योजिली. तिलाच पुढे बायपास हे नाव रूढ झाले. आज तिच्यात अंगठ्याएवढी लहानशी पिशवी जठराच्या वरच्या टोकाशी तयार करून ती थेट लहान आतड्यास जोडतात. दुसरा प्रकार म्हणजे स्लीव्ह. तिच्यात जठराचा सुमारे तीनचतुर्थांश ते चारपंचमांश भाग कायमचा कापून काढतात, आणि उरलेल्या जठरास केळ्यासारखा निमुळता आकार येतो. दोन्ही शस्त्रक्रिया आता बहुधा पोटाला चारपाच लहान छिद्रे पाडून दुर्बिणीतून होतात. नुसते पोट लहान होते म्हणून वजन उतरते असे नव्हे. भूक व तृप्ती यांचे नियमन करणारे आतड्यांतील स्रावही बदलतात, आणि त्यामुळेच अनेकांचा मधुमेह वजन उतरण्यापूर्वीच आटोक्यात येऊ लागतो. स्वीडनमध्ये १९८७ साली सुरू झालेल्या एका दीर्घ अभ्यासाचे निष्कर्ष २००७ साली प्रसिद्ध झाले. शस्त्रक्रिया झालेल्यांत मृत्यूचे प्रमाण न झालेल्यांपेक्षा स्पष्टपणे कमी आढळले.

ही शस्त्रक्रिया कोणास सांगावी याचीही मापे ठरलेली आहेत. किलोग्रॅममधील वजनास मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागले की जो आकडा येतो त्याला बी.एम.आय. म्हणतात. भारतीय तज्ज्ञांनी २००९ साली असे ठरविले की, हा आकडा ३७.५ च्या वर असेल, किंवा मधुमेहासारखे जोडविकार असून ३२.५ च्या वर असेल, तर शस्त्रक्रियेचा विचार करावा. २०२२ साली आंतरराष्ट्रीय संघटनांनी ही मर्यादा आणखी खाली आणली, आणि आशियाई लोकांच्या बाबतीत २७.५ पासूनच विचार व्हावा असे सुचविले. शिवाय २०२५ पासून वजन उतरविणारी नवी इंजेक्शनेही भारतात मिळू लागली आहेत. तेव्हा शस्त्रक्रिया हवीच का, हा प्रश्न आधी आपल्या नेहमीच्या डॉक्टरांशी बोलून सोडवावा. त्याचे उत्तर होकारार्थी आले, तरच आजचा आपला प्रश्न उपस्थित होतो.

दूरच्या सर्जनच्या बाजूने सर्वांत सबळ मुद्दा म्हणजे हाताचे कौशल्य. सर्जनांमध्ये डावेउजवे असते हे आपण सारेच मानतो. पण ते किती असते, हे मोजून दाखविणारा एक अभ्यास अमेरिकेच्या मिशिगन राज्यात झाला व २०१३ साली प्रसिद्ध झाला. वीस सर्जनांनी आपापल्या एका बायपास शस्त्रक्रियेची चित्रफीत स्वखुशीने दिली. ती कोणाची, हे न सांगता इतर सर्जनांना दाखविण्यात आली, आणि त्यांनी तिला गुण दिले. ज्यांना सर्वांत कमी गुण मिळाले त्या चतुर्थांशाच्या रुग्णांत उपद्रवांचे प्रमाण शेकडा १४.५ होते, सर्वांत अधिक गुण मिळालेल्यांत ते शेकडा ५.२ होते. मृत्यूचे प्रमाण पहिल्यांत शेकडा ०.२६, तर दुसऱ्यांत ०.०५. आणि ज्यांचे हात अधिक सफाईदार ठरले, ते बहुधा वर्षाकाठी अधिक शस्त्रक्रिया करणारे होते. म्हणजे ‘ज्याचा हात रोज चालतो त्याच्याकडे जा,’ हे वडीलधाऱ्यांचे म्हणणे केवळ समजूत नव्हे.

आता दुसरी बाजू. त्याच अमेरिकेत वृद्धांसाठी व अपंगांसाठी असलेल्या सरकारी आरोग्यविमा योजनेने २००६ साली असा नियम केला की, ही शस्त्रक्रिया ठराविक प्रमाणित केंद्रांतच झाली तर खर्च मिळेल. हेतू उत्तम होता. पुढे निष्कर्ष तपासले गेले, तेव्हा असे दिसले की, शस्त्रक्रिया एकूणच सर्वत्र अधिक सुरक्षित होत गेली होती. त्या नियमामुळे तिच्यात वेगळी भर पडल्याचे दिसेना. शेवटी २०१३ साली तो नियम काढून टाकण्यात आला. दूरच्या केंद्राच्या दारावर पाटी मोठी आहे एवढ्यावरून रुग्णाचे हित साधतेच असे नाही, हा त्यातला बोध. पाटी रुग्णालयाची असते. शस्त्र चालविणारा हात एका माणसाचा असतो.

या दोन गोष्टी परस्परविरुद्ध वाटतील. वस्तुतः तशा नाहीत. पहिली सांगते की सर्जनासर्जनांत फरक असतो. दुसरी सांगते की तो फरक गावाच्या नावावरून किंवा प्रमाणपत्रावरून ओळखता येत नाही. तेव्हा ‘जवळ की दूर’ असे विचारण्याऐवजी दोन निराळे प्रश्न विचारावेत. शस्त्रक्रियेच्या दिवशी हात कोणाचा असेल? आणि त्यानंतरच्या दिवसांत, महिन्यांत व वर्षांत दार कोणाचे ठोठवावयाचे? पहिल्या प्रश्नासाठी थोडे दूर जाणे परवडते. दुसऱ्यासाठी मात्र दूर असून चालत नाही.

हे असे का, ते नीट समजून घेतले पाहिजे. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील एका मोठ्या अभ्यासात ४,७७६ रुग्णांची पाहणी होती. पहिल्या तीस दिवसांत हजारी तीन रुग्ण दगावले, आणि शेकडा ४.३ जणांना एखादा तरी गंभीर उपद्रव झाला. म्हणजे धोका थोडा. पण ज्याच्या वाट्यास येतो त्याला तो पुरा असतो. यांतील पुष्कळशा उपद्रवांची घडी अशी असते की, ते रुग्ण घरी गेल्यावर उद्भवतात. जठराच्या पिनांच्या शिवणीतून गळती होते ती काही वेळा पहिल्या दोनतीन दिवसांत, तर काही वेळा दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात. पायातील शिरेत रक्ताची गुठळी होऊन ती फुप्फुसात जाणे, हा दुसरा धोका. आणि शस्त्रक्रियेनंतर लगेच तासन् तास एका जागी बसून केलेला प्रवास त्याला साहाय्यच करतो. समृद्धी महामार्ग २०२५ साली पूर्ण खुला झाल्यापासून नागपूर-मुंबई हे ७०१ किलोमीटरांचे अंतर मोटारीने एका दिवसात सहज तोडता येते हे खरे. परंतु ज्याच्या पोटात गळती सुरू झाली आहे, त्याला ७०१ किलोमीटर म्हणजे ७०१ किलोमीटरच.

माझ्या परिचयाच्या एका अधिकाऱ्याची हकिकत येथे सांगण्यासारखी आहे. मध्य प्रदेशातील एका जिल्ह्याच्या ठिकाणी त्यांची नेमणूक होती. त्यांनी दूरच्या महानगरात स्लीव्ह करून घेतली. शस्त्रक्रिया उत्तम झाली, आणि आठव्या दिवशी ते घरी परतले. सतराव्या दिवशी ताप चढला, डावा खांदा दुखू लागला, नाडी जलद चालू लागली. घरच्यांना वाटले, प्रवासाचा शीण असेल. गावच्या रुग्णालयात नेले तेव्हा तेथील तरुण सर्जनने पहिला प्रश्न विचारला तो असा : ‘नेमके केले काय आहे?’ घरच्यांजवळ होता तो डिस्चार्ज कार्डाचा एक कागद. त्यावर शस्त्रक्रियेचे नाव व गोळ्यांची यादी, एवढेच. त्या तरुणाने रात्री अकरा वाजता महानगरातील सर्जनांना दूरध्वनी लावला, तो त्यांनी स्वतः घेतला, आणि दोघांनी मिळून पुढचे ठरविले. सी.टी. स्कॅन झाला, साचलेला पू नळी घालून काढण्यात आला, आणि पाच आठवड्यांनी ते गृहस्थ कचेरीत हजर झाले. त्यांना वाचविले कोणी? दूरच्या कुशल सर्जनने, की जवळच्या तरुणाने? मला वाटते, त्या दोघांमधील संभाषणाने. आणि ते संभाषण त्या रात्री घडले ते केवळ योगायोगाने. तो योगायोग आधीच ठरवून ठेवता येतो, हेच मला सांगावयाचे आहे.

पहिला महिना उलटला म्हणजे प्रश्न मिटला, असेही नाही. वजन झपाट्याने उतरताना पित्ताशयात खडे होतात. म्हणून सहा महिने त्यावरील गोळी देण्याचा प्रघात आहे. बायपास झालेल्या रुग्णाच्या पित्तनलिकेत खडा अडकला, तर तोंडावाटे दुर्बीण घालून तो काढण्याची नेहमीची वाट उरलेली नसते. हे समोरच्या डॉक्टरला ठाऊक असावे लागते. बायपासनंतर काही महिन्यांनी, क्वचित काही वर्षांनी, आतड्याचा वळसा पोटातल्याच फटीत अडकतो. कळ येते, जाते, पुन्हा येते. आणि वेळीच पोट न उघडल्यास आतडे निकामी होते. बायपासच्या रुग्णाने अंगदुखीवरच्या नेहमीच्या वेदनाशामक गोळ्या घेतल्या अथवा तंबाखू सोडली नाही, तर जोडाशी व्रण होतो.

पोषणाची बाजू तर जन्मभराची. ब-१२ जीवनसत्त्वाचा साठा शरीरात बराच काळ पुरतो. म्हणून त्याची उणीव वर्षा-दोन वर्षांनी, रुग्ण बेसावध झाल्यावर, उघडकीस येते. आपल्याकडे शाकाहारी घरांतून ते मुळातच कमी असते. लोह, कॅल्शियम व ड जीवनसत्त्व यांचेही तसेच. दिवसाला निदान ६० ग्रॅम प्रथिने पोटात जावयास हवीत; लहान झालेल्या जठरात वरणभात-पोळीने तेवढे भरत नाही, म्हणून ताक, पनीर, मुगाचे कढण, मोडाची उसळ, चालत असल्यास अंडी-मासळी यांची आखणी करावी लागते. आणि एक गोष्ट तर प्रत्येक घराने ध्यानी ठेवावी. शस्त्रक्रियेनंतर उलट्या थांबेनात, तर ब-१ जीवनसत्त्व झपाट्याने संपते. अशा रुग्णाला ते न देता नुसते ग्लुकोजचे सलाईन चढविले, तर मेंदूस कायमची इजा पोहोचू शकते. सलाईन तर कोपऱ्यावरच्या दवाखान्यातही लावतात. तेव्हा त्या दवाखान्यास हे सांगणारे कोणीतरी हवे.

म्हणून माझा अभिप्राय असा की, आपल्या गावात किंवा दोनतीन तासांच्या अंतरावर कसलेला सर्जन व सुसज्ज रुग्णालय असेल, तर केवळ महानगराच्या मोहाने दूर जाऊ नये. तसे कोणी नसेल तर दूर अवश्य जावे. पण निघण्यापूर्वी गावातला डॉक्टर नेमून ठेवावा.

सर्जन कसलेला आहे की नाही, हे ओळखावे कसे? विचारून. विचारण्यात उद्धटपणा नाही. आपण स्वतः वर्षाला अशा किती शस्त्रक्रिया करता? त्यांपैकी मला सांगितलेल्या प्रकारच्या किती? गळती किती जणांना झाली, पुन्हा पोट किती जणांचे उघडावे लागले, आणि दगावले किती? माझी शस्त्रक्रिया आपण स्वतः करणार, की आपले साहाय्यक? रात्री दोन वाजता मला त्रास झाला तर रुग्णालयात कोण असेल? अतिदक्षता विभाग आहे का, आणि सी.टी. यंत्राचे टेबल माझे वजन पेलील का? एक वर्षानंतरही तपासणीस येत राहणारे रुग्ण शेकडा किती? अमेरिकेतील मान्यतेच्या पद्धतीत पूर्ण दर्जाच्या केंद्राकडून वर्षाला निदान ५० अशा शस्त्रक्रियांची अपेक्षा असते. तुलनेसाठी तो आकडा मनात असू द्यावा. जो सर्जन या प्रश्नांना शांतपणे व आकड्यांनी उत्तरे देतो, तो जवळचा असो की दूरचा, विश्वासास पात्र आहे. ‘माझ्याकडे कधीच काही होत नाही,’ असे जो सांगतो, त्याच्याविषयी सावध राहावे.

येथे एक फसगतीची जागा दाखवून ठेवतो. हल्ली जिल्ह्याच्या गावी महानगरातील सर्जन रविवारी येतात, तीन-चार शस्त्रक्रिया करतात, आणि संध्याकाळच्या विमानाने परततात. रुग्णाला वाटते, नामांकित हातही मिळाला आणि घरही जवळ राहिले. व्यवस्था चोख असेल तर हे खरेही ठरते. परंतु सोमवारपासून त्या रुग्णाला पाहणारे स्थानिक डॉक्टर या शस्त्रक्रियेत तयार नसतील, तर शस्त्रक्रिया जवळ झाली तरी सर्जन दूरचाच राहिला.

दूर जावयाचे ठरले तर काही गोष्टी पाळाव्यात. शस्त्रक्रियेपूर्वीच गावातील एक फिजिशियन व एक सर्जन ठरवावा, आणि दूरच्या सर्जनला विनंती करून त्यांच्याशी बोलणे करवून द्यावे. घरी परतण्याची घाई करू नये. पहिले दोन आठवडे त्याच शहरात काढावेत. पुण्या-ठाण्याच्या नातेवाइकांची माया येथे खरी उपयोगी पडते. परतीच्या प्रवासात दर तासाला उठून चालावे, आणि रक्त पातळ ठेवणारे इंजेक्शन सांगितले असल्यास ते चुकवू नये. शस्त्रक्रियेचा सविस्तर अहवाल मागून घ्यावा. त्यात प्रकार, आतड्याच्या वळशांची लांबी व जोडांची जागा नमूद असावी. त्याची एक प्रत घरी, एक गावच्या डॉक्टरकडे, आणि सारांश रुग्णाच्या खिशात असावा. विश्रांतीतही नाडी मिनिटास १२० च्या वर, ताप, वाढती पोटदुखी, धाप, खांद्यात कळ, पाणीही न ठरणे, यांपैकी काहीही झाले तर वाट न पाहता जवळच्या रुग्णालयात जावे, आणि तेथून दूरच्या सर्जनला दूरध्वनी करावा. हा क्रम उलटा करू नये. पुढील तपासण्यांसाठी प्रत्येक वेळी प्रवास करावयास हवा असे नाही. दूरसंवादातून वैद्यकीय सल्ला देण्याचे नियम आपल्या देशात मार्च २०२० मध्ये झाले आहेत. रक्ताची तपासणी गावात, सल्ला दुरून, अशी वाटणी करता येते.

खर्चाचेही एक वाक्य. विमा नियामक प्राधिकरणाने २०१९ साली ठरविलेल्या शब्दयोजनेनुसार, जेथे स्थूलतेवरील उपचार वगळण्याचे कलम असते, तेथेही बी.एम.आय. ४० किंवा त्याहून अधिक असल्यास, अथवा ३५ किंवा अधिक असून अनियंत्रित मधुमेह, हृदयविकार, झोपेतील गंभीर श्वासरोध यांसारखा विकार असल्यास, वैद्यकीय सल्ल्याने झालेली शस्त्रक्रिया वगळता येत नाही. परंतु वैद्यकाचे माप आणि विम्याचे माप एक नाही, हे ध्यानी घ्यावे. १६० सेंटिमीटर उंचीचा मधुमेही मनुष्य ८५ किलोग्रॅमचा असेल, तर त्याचा आकडा ३३.२ येतो. तो डॉक्टरांच्या मापात बसतो, विम्याच्या बसत नाही. तेथे सुमारे ९० किलोग्रॅम लागतील. म्हणून विमा असो वा नोकरीतील आरोग्ययोजना, मंजुरी आधी आणि लेखी घ्यावी. प्रवास, राहणे व पुढील फेऱ्या हा खर्च बहुधा कोणीच देत नाही. दूरच्या रुग्णालयाचा दर जवळच्याशी ताडून पाहताना तो त्यात मिळवावा.

श्रोतेहो, लग्नसंबंध जुळविताना आपण स्थळ पाहतो, त्याबरोबर माणसेही पाहतो. येथेही तसेच करावे. शस्त्रक्रिया दीडदोन तासांची असते, आणि तिच्यासह जगावयाचे असते पुढील तीस-चाळीस वर्षे. त्या दोन तासांसाठी उत्तम हात शोधा, तो जेथे असेल तेथे; आणि त्या वर्षांसाठी आपल्या गावातला एक सुजाण डॉक्टर जोडून ठेवा. दोघांची ओळख शस्त्रक्रियेपूर्वी करून द्या, म्हणजे अडचणीच्या रात्री त्यांना एकमेकांची नावे विचारावी लागणार नाहीत.